सुपावरची सावली

सूर्यमाळेच्या पाड्यावर देवजीला सगळे मास्तर म्हणत, आणि त्यात मानापेक्षा चेष्टा जास्त असे. जव्हारला महाराजांच्या शाळेत शिकून तिथेच लहान वर्गांना शिकवायला लागलेला पाड्यातला हा पहिलाच गडी. सणासुदीला घरी यायचा तो अंगात कोट, डोक्याला टोपी आणि वहाणा हातात, कारण डोंगर चढताना त्या पायात टिकत नसत. आल्या आल्या त्याची आई भागी त्या वहाणा आढ्याला टांगून ठेवायची. कोंबड्या चोची मारतील, एवढंच तिला त्या शिक्षणाचं भय होतं.

देवजीला एकच वेड होतं, उन्हाचं. जव्हारच्या शाळेत एक म्हातारे गुरुजी होते, घाटावरचे. त्यांनी एकदा वर्गात शेगडी पेटवून धडा शिकवला. उष्णता तीन तऱ्हांनी प्रवास करते, ते म्हणाले. उलथनं चुलीत राहिलं तर तापत तापत दांड्यापर्यंत येतं, ही एक. पातेल्यातलं तळाचं पाणी तापून वर येतं आणि वरचं गार पाणी खाली बसतं, ही दुसरी. या दोन्ही तऱ्हांना मधे काहीतरी लागतं, लोखंड म्हणा, पाणी म्हणा, वारा म्हणा. तिसरी तऱ्हा मात्र न्यारी. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये कोट्यवधी कोसांची पोकळी आहे, तिथे वारा नाही की धूळ नाही. तरी सूर्याची ऊब ती पोकळी ओलांडून, चुलीवरचा भात शिजायच्या आत इथे पोचते. वाटेत ती कशालाच तापवत नाही, कारण तापायला तिथे काही नाहीच. जे आडवं येईल त्यावर ती पडते, आणि तेव्हा कुठे ते तापतं.

गुरुजींनी देवजीचा हात शेगडीसमोर धरला आणि मधे पाटी घातली. हात गार पडला. पाटी काढली, हात पुन्हा गरम. ‘बघितलंस? अडवलं की त्याच क्षणी संपलं,’ गुरुजी म्हणाले. त्या दिवसापासून पोरगा कामातून गेला.

पाड्यावर येऊन तो हेच सांगायचा. विहिरीची कोरड असो, बैलाचा पाय असो, कुठूनही बोलणं निघो, मास्तर फिरून सूर्यावर यायचा. पाड्यातला सगळ्यांत वडीलधारा माणूस म्हणजे भिका. देवदेवस्की, पंचायत, लग्न, मर्तिक, सगळ्यात शब्द त्याचा. त्याला या शिकलेल्या पोराची फिरकी घ्यायला भारी आवडायचं.

“मास्तर, मधी काहीच नाय म्हणतोस, मंग ऊन चालतं कशावर?” तो विचारायचा. “पाय कुठं टेकतं?”

“त्याला पाय नाय लागत, बाबा.”

“लागत नाय कसं? एवढ्या लांबून यायचं, मधी दम तरी खाईल का नाय?”

सगळे हसायचे. देवजीही हसायचा, पण आतून खट्टू व्हायचा. हसायची नाही ती फक्त त्याची बायको हौशी. भाकरी थापता थापता ती ऐकायची आणि मग हळूच विचारायची, “ते ऊन मंग वाटेत निवत नाय?” देवजीला हा प्रश्न इतका आवडला होता, की जव्हारला परत गेल्यावर त्याने तो गुरुजींना सांगितला आणि माझ्या बायकोने विचारला असं दोनदा म्हणाला.

हौशीचा नवऱ्याच्या शब्दावर विश्वास होता. सगळा पाडा टिंगल करत असताना ती एकटी ऐकायची. नसती ऐकत तर बरं झालं असतं, असं पुढे देवजीला फार वाटलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी हौशीची कूस उजवली नव्हती. भागीने नवस केले, भिकाने कोंबडं कापलं, आणि अखेर एका कार्तिकात सोमवारी मुलगी झाली. सोमवारची म्हणून सोमी. निरोप जव्हारला पोचला तेव्हा देवजी वर्गात पाढे म्हणून घेत होता. त्याने पोरांना तिथल्या तिथे सुट्टी दिली आणि त्यापायी बोलणीही खाल्ली.

पौषात शाळेला सुट्टी लागली तसा तो घरी आला. पोर बघितली नि हरखून गेला. काळेभोर डोळे, मूठ अशी वळलेली की बोट घातलं की सोडायची नाही. पण तिला खोकला होता. सूर्यमाळेची पौषातली थंडी म्हणजे हाडात शिरणारी. तिथली रीत अशी, की थंडी सरेपर्यंत बाळ-बाळंतिणीला चुलीच्या खोलीतून बाहेर काढायचं नाही. बाजेखाली निखाऱ्यांचं मडकं, दाराला तट्टा, भिंतीला भोक म्हणून नाही. खोलीत धूर असा, की देवजी आत गेला आणि डोळे पुसतच बाहेर आला.

“आये, पोर धुरानं खोकते,” तो म्हणाला.

“तू पण याच धुरात वाढलास,” भागी म्हणाली. “मेलास का?”

“अगं, बाहेर एवढं ऊन पडलंय. त्या उबेला ना धूर, ना राख. कोटी कोसांवरून फुकट येते, नी आपण कवाड लावून बसायचं?”

भागीने कपाळाला हात लावला. बाहेरचं वारं, लोकांची नजर, रानातलं काहीबाही, एक ना दोन, तिने शंभर भीती घातल्या. देवजीने एकेक खोडून काढली. दिवसभर दोघं मायलेक हमरीतुमरीवर आली होती. शेवटी दोघांनीही हौशीकडे पाहिलं. तिने पोरीच्या छातीवर कान ठेवला, आत घरघर वाजत होती. ती नवऱ्याला म्हणाली, “तू म्हणतोस तर नेऊ.”

दुसऱ्या दिवसापासून सोमी अंगणात आली. हौशीने सुपात जुन्या लुगड्याची मऊ घडी अंथरली, वर लाल फडका घातला आणि सूप उन्हात ठेवलं. पोरीने डोळे मिचकावले, जांभई दिली आणि अशी झोपली की सगळे बघतच राहिले. रात्री खोकल्याची एक ढासही आली नाही. चार-दोन दिवसांत पोरीच्या गालावर तकाकी आली. भागी वरवर कुरकुरायची, पण सूप बाहेर काढायची वेळ झाली की आपणच अंगण झाडून ठेवायची. देवजीच्या छातीत आनंद मावत नव्हता. जन्मभर ज्याची टिंगल झाली ते आज त्याच्या लेकीच्या अंगावर पडलेलं होतं आणि तिला बरं करत होतं.

मग तो दिवस आला. सकाळपासून धुकं होतं, दुपार कलली तरी हटेना. सोमीला न्हाऊ घालायचं राहून गेलं होतं. उशिरा एकदाचं ऊन पडलं. भागीने पोरीला कढत पाण्याने न्हाऊ घातलं, हौशीने पुसून सुपात निजवलं. अंगाला ऊन लागावं म्हणून वर फक्त तो लाल फडका घातला. घरात पाण्याचा थेंब उरला नव्हता. हौशीने दोन हंडे डोक्यावर घेतले. सूर्यमाळेचं पाणी खाली ओहोळात. तिथे वाळूत खणलेला डवरा, त्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचं, करवंटीने हंडा भरायचा आणि मग डोंगर चढायचा. भागी गवताला गेली. जाताना हौशी म्हणाली, “लक्ष ठेव हां.”

“मी कुठं जातोय?” देवजी म्हणाला.

तो खरंच कुठे गेला नाही. अंगणातच होता. तेवढ्यात भिका आला, त्याच्या मागे आणखी चौघेजण शेकायला म्हणून आले. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला शेकोटी पेटली. भिकाने तळवे शेकत विषय काढला.

“मास्तर, आपला माळ उंच, सूर्याच्या जवळ. नावातच सूर्य हाय. मंग खाली दाभोशाला लोकं घाम पुसतात नी आपण इथं कुडकुडतो, हे कसं रं?”

आता हा प्रश्न खोडीचा नव्हता. म्हाताऱ्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. देवजीला काय झालं असेल ते कुणीही शिकवणारा माणूस ओळखेल. त्याने कोटाच्या बाह्या सारल्या आणि धावत जाऊन भिंतीवरचं इरलं काढून आणलं, पावसाळ्यात डोक्यावर घ्यायचं असतं ते. शेकोटीसमोर भिकाचा हात धरला आणि मधे इरलं घातलं.

“काय झालं?”

“गार पडला,” भिका म्हणाला.

“लगेच?”

“लगेच.”

“हां! वारा तोच हाय, तुमचा हात तिथंच, विस्तव तिथंच. पण मधी आडवं आलं की संपलं. सूर्याचं पण असंच. त्याची ऊब वाऱ्याला तापवत येत नाय. उंचावरचा वारा पातळ, तो ऊब धरून ठेवत नाय. म्हणून आपल्या माळावर उन्हात हाय तंवर गरम, नी सावलीत गेलं की हीव.”

भिकाने हात पुढे केला, मागे घेतला, इरलं आपणच धरून बघितलं. मग मान डोलावली आणि म्हणाला, “खरं रं. खरं बोलतोस तू.” दुसऱ्यांनीही हात पुढे केले. हसणं-खिदळणं सुरू झालं, पण आज ते देवजीला हसत नव्हते. पाड्याने पहिल्यांदा त्याचं ऐकलं होतं. तो बोलत राहिला, सगळं सगळं बोलला, आणि त्याची पाठ सुपाकडे होती.

अंगणाच्या पश्चिमेला मोहाचं झाड आहे. पौषातला दिवस, कलू लागला की कललाच. मोहाची सावली अंगणात आली, आधी सुपाच्या कडेवर, मग लाल फडक्यावर. डोंगराच्या कडेने वारा सुटला. शेकोटीपाशी उभ्या असलेल्यांना तो कळलासुद्धा नाही.

हौशी अंगणात आली ती हंडे न उतरवताच सुपापाशी गेली. खाली वाकता येईना म्हणून तिने हंडे जमिनीवर ठेवले आणि पोरीला उचललं. मग ती नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “ही गार पडली.” देवजीच्या हातात अजून इरलं होतं.

रात्रभर निखारे पेटले, तेल चोळलं, भागीने पोरीला आपल्या उघड्या पोटाशी धरलं. भिकाने जे करायचं ते केलं. देवजी नुसता इकडून तिकडे फिरत होता. त्याला जे ठाऊक होतं त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. पोरीची छाती भात्यासारखी चालत होती. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती थांबली. बाहेर त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं, आणि देवजीने ते पाहिलं आणि घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

दूधपित्या लेकराला तिथे आग देत नाहीत. मोठी माणसं जळतात, लेकरं मातीत जातात, तीही पाड्याबाहेरच्या उंबराखाली, कारण त्या झाडाला दुधासारखा चीक असतो. आईविना लेकरू उपाशी राहू नये, अशी समजूत. उंबर मोठा, दाट. देवजीने स्वतः खड्डा खणला. हौशी रडली नाही. तिने लाल फडका गुंडाळून दिला आणि माती टाकताना एकदाच वर झाडाकडे पाहिलं.

कुणी देवजीला बोल लावला नाही. खोकला तर आधीचाच होता, पोराबाळांचं असंच असतं, म्हणाले. भागीने तोंडातून शब्द काढला नाही. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला सोसलं असतं. हौशीही काही बोलली नाही, त्याला वेळेवर भाकरी वाढायची, कोट झटकून द्यायची. सुट्टी संपली तसा तो जव्हारला गेला. तिथे पुढे तो उष्णतेचा धडा आला तेव्हा त्याने पानं उलटली आणि पुढचा धडा घेतला. पोरांना वाटलं, मास्तर विसरले.

होळीला तो घरी आला तेव्हा भागीने त्याला बाजूला घेतलं. “हौशीचं काय तरी बघ,” ती म्हणाली. “पाण्याला जाते नी अर्धे हंडे घेऊन येते. अंगावरचं लुगडं ओलंचिंब. या दिवसांत पाण्याचा असा नास करायचा? डवऱ्यावर रांग लागते, बाया मला बोलतात.”

देवजीने दुसऱ्या दिवशी बघितलं. ओहोळाकडून येणारी वाट एका वळणावर वर येते, तिथून सगळा पाडा दिसतो. हौशी त्या वळणापर्यंत नीट चालत आली, मान ताठ, हंडे स्थिर. वळणावर आली आणि तिथून एकदम धावत सुटली. हंड्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी उडत होतं. अंगणात येऊन ती थांबली, मोहाच्या झाडाखाली बघितलं, मग हंडे उतरवून मुकाट आत गेली. देवजीला काही उमगलं नाही. दुःखाने माणसं अशी होतात, एवढंच त्याला वाटलं.

होळीनंतर राबाचे दिवस. भात-नागलीच्या रोपाच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, वर मातीचा हात, आणि मग पेटवायचं. जमीन भाजली की रोप जोमाने येतं. डोंगरभर तेव्हा कोयत्यांचे आवाज आणि धुराचा वास असतो. देवजी जव्हारला परतायच्या आधीच एका सकाळी एक बाई धावत आली आणि भागीला म्हणाली, “तुझी सून उंबराखाली राब घालते.”

देवजी पोचला तेव्हा सगळा पाडा तिथे जमला होता. हौशीने सोमीच्या जागेवर शेण थापलं होतं, पाला रचला होता, वर माती घातली होती. रोपाच्या वाफ्याला रचतात तसंच, नेटकं. शेजारी मडक्यात निखारे होते. भिका आडवा उभा होता.

“दुधाच्या लेकराला विस्तव नाय द्यायचा, बाई,” तो परोपरीने सांगत होता. “जीव भटकंल तिचा.”

“मी तिला जाळत नाय,” हौशी म्हणाली. “ऊब देते. तुम्ही शेताला देता, वाफ्याला देता, मेल्यावर मोठ्या माणसाला एवढाली लाकडं देता. माझ्या पोरीला कुणी काय दिलं? हीव लागून गेली नी या सावलीत नेऊन ठेवली. इथं ऊन येत नाय. बघा, येतं का?”

खरंच येत नव्हतं. उंबराखाली पानाएवढासुद्धा कवडसा नव्हता. भिकाने देवजीला पाहिलं आणि हात टेकले. “मास्तर, तूच सांग तिला,” तो म्हणाला. “तुझंच ऐकंल ती.”

“बाबा, तुम्ही सगळे जा,” देवजी म्हणाला. “मी सांगतो.”

माणसं कुरकुरत गेली. भागी शेवटी गेली, वळून वळून बघत. निखाऱ्यांवर राखेची साय धरली होती. हौशी खाली बसली आणि तिने नवऱ्याला समोर बसायला सांगितलं.

“तू खोटं बोलत नायस,” ती म्हणाली. “मला सांग. एवढ्या लांबून, मधी काही नसताना ऊन येतं. मंग हे झाड तोडलं, तर खाली तिच्यापर्यंत जाईल का?”

देवजीच्या मनात आलं, हो म्हणावं. एक शब्द, आणि या बाईला रात्री झोप लागेल. तो हो म्हणणारच होता. पण तिने विचारलं ते त्याच्यावर विश्वास ठेवून, आणि तो विश्वास त्याने एकदा सुपासकट सावलीत ठेवला होता.

“नाय,” तो म्हणाला. “मातीवर पडलं की ते तिथंच थांबतं. वरची माती तापते. खाली हातभर गेलं की गारच असतं.”

“नी हा राब?”

“हा पण वरचाच चार बोटं भाजतो. तुला ठाऊक हाय, आपण दोघांनी राब उकरलाय.”

“म्हणजे कशानंच नाय.”

“कशानंच नाय, हौशे.”

तिने निखाऱ्यांचं मडकं बाजूला सारलं. देवजीला वाटलं, आता बोलावं, नाहीतर जन्मात बोलणं होणार नाही. “हौशे, त्या दिवशी सावली मी…”

“मला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “मी बघितलं.”

“काय बघितलंस?”

“वळणावरून. तिथून अंगण दिसतं ना. तू उन्हात उभा होतास, हातात इरलं. लोकं हसत होती. नी सुपावर सावली होती. लाल फडका काळा दिसला मला.” ती जमिनीकडे बघत बोलत होती. “डोक्यावर दोन हंडे होते. करवंटी करवंटीनं भरले होते. धावले तर सांडंल, म्हटलं. बापूस जवळच हाय, बघंल, म्हटलं. मी आपली रोजच्यासारखी चालत आले. हंडे पण नीट उतरवले. एक थेंब नाय सांडला, बघ. एक थेंब नाय.”

आता ती रडली. पौषापासून न रडलेलं सगळं रडली, तोंडात पदर कोंबून, आणि देवजी तिच्या समोर तसाच बसून राहिला. त्याला तो ओला रस्ता दिसला, वळणापासून अंगणापर्यंतचा, रोज नव्याने ओला होणारा. इतके दिवस त्याला वाटत होतं, ही मला माफ करणार नाही म्हणून गप्प आहे. तिच्या मनात तो गुन्हेगार नव्हताच. तिने सगळा भार आपल्याच डोक्यावर घेतला होता आणि तो एकटीने वाहत होती. त्याला आपली इतकी लाज वाटली, आणि तिची इतकी माया आली, की काय करावं कळेना. त्याने तिचा हात धरला. पाड्यावर कुणी नवरा दिवसाउजेडी असा हात धरत नाही.

“हंडे टाकून धावली असतीस तरी…” तो म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. कदाचित पोर वाचली असती, कदाचित नाही. त्याला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं कुणालाच ठाऊक नव्हतं.

निखारे विझले. दोघांनी मिळून पाला उचलला, शेण खरवडून काढलं, माती हाताने सारखी केली. दुपार कलली तेव्हा ते अजून तिथेच होते. सूर्य खाली उतरला आणि उंबराच्या घेराखालून, खोडाच्या बाजूने, एक आडवं ऊन आत शिरलं. दिवसभरात झाडाखाली ऊन येण्याची ती एवढीच वेळ असावी. त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण तेवढा वेळ तिथे कुणी बसलंच नव्हतं.

ऊन सोमीच्या मातीवर पडलं, पण सगळीकडे नाही. मधे देवजी आणि हौशी बसली होती, त्यांच्या दोन सावल्या मातीवर आडव्या पडल्या होत्या. हौशीने ते पाहिलं. ती उठली आणि बाजूला सरकली. देवजीही उठला. आता सगळ्या मातीवर ऊन होतं. हौशीने वाकून तिच्यावर तळवा ठेवला, आणि लगेच काढून घेतला, हाताची सावली नको म्हणून.

खाली काही पोचत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ऊन निघून जाईपर्यंत ती दोघं तशीच बाजूला उभी राहिली.